वाटलेली जास्वंद

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कोडोलीहून कोल्हापुरात आले. परड्यात मोरीचं पाणी जायचं तिथं तांबड्या जास्वंदीचं झाड होतं. मला कुणाशी बोलायला जमायचं नाही, म्हणून त्या झाडाची कामं आपसूक माझ्याकडं आली. देवाला फुलं काढायची, न्हायच्या दिवशी पाला चेचून द्यायचा. कचेरीला निघताना सासरे शिळी फुलं बुटावर घासायचे, त्यानं बूट काळेभोर दिसायचे.

थोरल्या जावेला मी आक्का म्हणे. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एकदा धुणं पिळताना ती माझ्या कानाशी आली.

"दोन महिनं झालं, मी बाजूला बसलेली न्हाय. तिसरा सरंपर्यंत कुणाला बोलू नगंस. दृष्ट लागती. ह्यांनासुद्धा सांगितलं न्हाय."

मी मान हलवली.

आक्का बाजूला बसली नाही हे सासूबाईंनीही हेरलं होतं. पण तिची पाळी आधीही अशीच चुकायची, त्यामुळं वेगळं काही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी मला परड्यात बोलावलं. शेजारच्या मावशी तिथंच बसल्या होत्या.

"रोज पाच फुलं बारीक वाट आणि तांदळाच्या आंबवलेल्या पाण्यातनं तिला दे. अनशापोटी."

"व्हय, तुंबलेलं मोकळं हुतंय त्यानं," मावशी म्हणाल्या. "सात दिवस द्या."

"हिच्या मागनं आलेली गाय चारदा व्याली की," सासूबाई म्हणाल्या. "आणि हिला महिनासुद्धा धड येत न्हाय."

मी फुलं वाटली. पाट्यावर जांभळा, बुळबुळीत गोळा झाला. पेला सासूबाईंनी स्वतःच्या हातानं आक्काला दिला आणि वर गुळाचा खडा दिला. त्या आत गेल्यावर आक्का डोळे पुसत हसली.

"आत्याबाईंनी वळखलं बघ. पोटातल्यासाठी औषध सुरू केलं. तोंडानं बोलत न्हाईत एवढंच."

मी तोंड उघडलं आणि विचारलं, "आणखी गूळ आणू?"

तिला खरं सांगितलं तर सासूबाई काय म्हणतील, सासूबाईंना सांगितलं तर आक्काला दिलेला शब्द मोडेल. आणि असल्या गोष्टी मोठ्या माणसांपुढं कुठल्या शब्दांत बोलायच्या, तेही मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी दोनच फुलं घातली आणि बाकीचा पाला वाटला. सासूबाईंनी पेल्यात बघितलं.

"फुलं चोरतीस व्हय गं?"

त्यानंतर त्या पाट्याजवळ उभ्या राहू लागल्या.

सहाव्या दिवशी दुपारी आक्काचं पोट दुखू लागलं. सुईण आली तोवर सगळं संपलं होतं. मी कपडे पाण्यात भिजत घातले. आक्का अंथरुणावरून म्हणाली, "आत्याबाई, तुमचं औषध एक दिवस चुकवलं न्हाय की मी. तरी कसं वो गेलं?"

सासूबाईंनी मला परड्यात नेलं. दार ओढून घेऊन त्यांनी विचारलं,

"तुला ठावं हुतं?"

"न्हाय," मी म्हणाले.

पुढं एका डॉक्टरीणबाईंना मी दुसऱ्याच कुणाचं म्हणून हे विचारलं. नुसत्या फुलांनी असं होईलच असं नाही, म्हणाल्या. होणार नाही असंही म्हणाल्या नाहीत.

आक्काला पुन्हा दिवस गेले नाहीत. सासूबाई लुळ्या पडल्या तेव्हा तिनंच त्यांचं सगळं केलं, हातानं भरवलं. भेटायला आलेल्या प्रत्येकीला ती सांगायची, "माझं टिकावं म्हणून आत्याबाईंनी किती धडपड केली हुती. माझ्याच नशिबात नव्हतं." सासूबाई तेवढ्यापुरत्या डोळे मिटून घ्यायच्या. मी चहाच्या कपबश्या उचलून आत जायची.