याकोबअण्णांची साक्ष

उपासनेत पाळकांनी "देवानं कसं बदललं, याची कुणाला साक्ष द्यायची आहे?" असं विचारायच्या आतच याकोबअण्णा उभे असायचे. अण्णा आता नाहीत, पण जळकोटजवळच्या आमच्या पत्र्याच्या ख्रिस्ती देवळात अजून त्या जागेकडं नजर जाते. मंडळी इवलीशी, सगळे एकमेकांना ओळखणारे. तरी दर रविवारी अण्णा नव्यानं ओळख करून देत, "म्या महापापी हुतो." चेहरा असा, की पोराला सरकारी नोकरी लागल्याचं सांगताहेत.

मी ती साक्ष पहिल्यांदा ऐकली, तेव्हा तीत अण्णा दारू पिऊन गटारीच्या कडेला पडले होते. माझं लग्न होईपर्यंत ते गटारीत गेले. माझी पोरगी शाळेत जायला लागली, तेव्हा त्यांच्या अंगावरून डुकरं फिरू लागली. त्यांची बायको एस्तेरकाकू मला हळूच म्हणायची, "वकले आन् झोपले, एवढंच झालं हुतं." घरी अण्णा कोंबड्यांवरसुद्धा खेकसायचे आणि मग ओशाळून म्हणायचे, "जुना माणूस मेला म्हणतो आपण, पर लई चिवट हाय त्यो."

अशात आमच्याच मंडळीतला मनोहर गावात परत आला. त्यानं बरीच वर्षं हातभट्टी चालवली होती, तुरुंगही बघितला होता. सगळं सोडून तो आईपाशी राहायला आला आणि खाली मान घालून थोडक्यात साक्ष दिली. बायांनी डोळ्याला पदर लावले. अण्णांच्या गटारीला इतक्या वर्षांत एकही पदर लाभला नव्हता.

दुरावलेला माणूस परतला, की मंडळीच्या पंचांनी हो म्हटल्याशिवाय त्याला प्रभुभोजनाची भाकर देत नाहीत. थोरले पंच अण्णाच. मनोहरची आई दम्यानं खंगलेली. पोराशेजारी बसून एकदा भाकर घ्यायची, एवढंच तिचं मागणं. अण्णा म्हणाले, "पश्चात्ताप अजून कच्चा हाय." पुढच्या महिन्यातही तो कच्चाच निघाला. तेव्हा म्हातारीनं धापा टाकत त्यांना दारातच गाठलं. "अण्णा, म्या तवर जगंन का? आन् तुमचा वो किती दिसांत पिकला हुता?"

अण्णा तडक घरी गेले. काकू सांगत होती, ताटावरून तसेच उठले.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ते सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले. गटार आलीच नाही. "मनोहरचा पश्चात्ताप कच्चा न्हाय. म्या जळलो. त्याचं पाप माझ्यापरीस मोठं निघालं, लोकं त्याच्यासाठी रडली, म्हणून जळलो. त्यापायी ह्या माउलीला तिष्ठत ठिवलं. मला माफ करा." मग स्वतः जाऊन त्यांनी मनोहरचा हात धरला आणि त्याला आईशेजारी बसवलं. म्हातारीला भाकर हातात धरवेना, मनोहरनं ती धरली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

उपासना सुटल्यावर सगळ्यांच्या तोंडी अण्णाच. पाळक म्हणाले, ही साक्ष सोलापूरच्या मेळाव्यात झालीच पाहिजे. अण्णा मात्र मागं नळापाशी एकटे बसलेले दिसले.

"अण्णा, चांगलं केलंत तुम्ही," मी म्हणाले.

"चांगलं कुठलं, पोरी. तिकडं म्हातारी भाकर घेत हुती, आन् हितं माझं मन म्हणत हुतं, याकोब, आज झकास बोललास." त्यांचे डोळे भरून आले होते. "पाळकांना सांग, म्या सोलापूरला येत न्हाय."

मी वळले.

"पोरी," अण्णा म्हणाले, "लगीच नगं सांगू."