रुळांच्या पूर्वेची घरे

शिरूरच्या तहसील कचेरीसमोर बसून गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत, आणि नववीही पुरी नाही. तथापि वकिलाने लिहिलेला अर्ज परत आला आणि माझ्या हातचा मंजूर झाला, असे प्रसंग मोजायला माझ्या दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. ही बढाई नव्हे. पुढे ज्या रागाची हकिकत सांगणार आहे, तो कोणा ऐऱ्यागैऱ्याचा राग नव्हता, एवढे आधी नमूद असावे.

माझा जन्म दौंड तालुक्यातला. दौंड जंक्शनातून एक लहान फाट्याची लाइन निघते; तिच्यावरचे एक बारके स्टेशन म्हणजे आमचे गाव. गावाचे नाव अर्जात लिहावे लागते, इथे लागत नाही, म्हणून लिहीत नाही. एक फलाट, मालगाडीसाठी बाजूला काढलेला एक रूळ, कौलारू तिकीटखोली, पिंपळ आणि फाटक. रुळांच्या पश्चिमेला गाव. पूर्वेला गायरान आणि त्या गायरानावर आमची वस्ती. माझी आई फलाटावर पेरू विकत असे. गाडी दोन मिनिटे थांबायची. त्या दोन मिनिटांवर आमचे घर चालले.

काही वर्षांपूर्वी ती कौलारू खोली पाडून सिमेंटची बांधायचे ठरले. ती पाडू नये म्हणून मी रेल्वेकडे साडेतीन पानांचा अर्ज केला. मजकूर असा होता की दगडाला पाझर फुटावा. उत्तर आले एका ओळीचे: आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे. खोली पडली. त्या एका ओळीचा मला जो संताप आला, त्यातून मी घरात ते स्टेशन बांधायला घेतले. जे यांनी पाडले ते मी उभे करीन आणि कौलासकट करीन, असे मी पत्नीला सांगितले.

ती म्हणाली, "शिरूरला रेल्वे येईना, म्हणून घरात आणताय व्हय? आणा. पण माझी शिलाई मशीन हलवायची न्हाई."

कचेरीसमोर बातमी पसरायला एक दिवस पुरला. चहावाल्यापासून तलाठ्यापर्यंत जो तो विचारू लागला, "रावसाहेब, दौंडची गाडी टायमात हाय का?" मी उत्तर देत नसे. मात्र अशांचे अर्ज त्या आठवड्यात मी जरा सावकाश लिहीत असे.

आठ फूट लांब आणि अडीच फूट रुंद प्लायवूड घेतले. दारातून निघावे म्हणून दोन तुकडे करून मध्ये बोल्ट ठेवले. रूळ, इंजिन आणि तीन डबे पुण्याच्या एका दुकानातून आणले. बाकी सर्व माझ्या हातचे. घोड नदीची वाळू चहाच्या गाळणीने तीनदा चाळून रुळांखाली खडी पसरली. लिहून संपलेल्या रिफिलींचे सिग्नल केले. माझ्या धंद्यात त्यांचा तोटा नाही. जुन्या फायलींच्या तांबड्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून एकेक कौल बसवले. तारांना डाख देताना बोटे पोळली. सर्वांत छळले ते सांध्याने. गाडी मुख्य रुळावरून बाजूच्या रुळावर जिथे वळते, त्या जागी मधला डबा हमखास घसरायचा. मी दुकानदाराला फोनवर बोललो, प्लायवूडवाल्याला बोललो, पत्नीच्या मशीनच्या थरथरीलाही बोललो. शेवटी समजले की खिळा ठोकताना रूळ मीच केसभर दाबला होता. ही गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही.

मोजमापाबाबत मात्र मी पक्का होतो. माझ्या धंद्यात तोंडी सांगण्याला किंमत नाही. अमुक विहीर अमुकाची, हे सगळ्या गावाला ठाऊक असले तरी कागदात नसेल तर ती विहीर नसते. म्हणून रीतसर अर्ज करून, दोन महिने खेटे घालून, मी गावाच्या नकाशाची शिक्क्याची नक्कल मिळवली. तिच्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी प्लायवूडवर आखल्या, आणि जे जिथे दिसले ते तिथे ठेवले. पूर्वेला नकाशात गायरानाचा नुसता नंबर होता. तिथे मी लाकडाचा भुसा हिरवा रंगवून दाट गवत केले आणि चार बाभळी लावल्या. खरे सांगायचे तर सगळ्या कामात मला ते गवत फार आवडे.

आमच्या गावचे एक माजी सरपंच आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पश्चिमेची बरीचशी जमीन त्यांच्या भावकीची. ते कामानिमित्त शिरूरला आले असता मी त्यांना घरी नेले. गाडी तिकीटखोलीसमोर थांबली तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाबो!" ते म्हणाले. "ह्ये तुम्ही केलं? एकट्यानं? ह्ये असं घरात ठिवायचं न्हाई. पंचायतीच्या नव्या हॉलात काचंत ठिवू. खाली पितळी पाटी. तुमच्या नावाची."

माझे नाव आजवर हजारो कागदांवर आले आहे, पण नेहमी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पाटीवर कधी आले नव्हते. मी लगेच होकार दिला.

पुढच्याच महिन्यात आई दात बसवायला शिरूरला आली. ती अजून वस्तीवरच राहते. आमच्याकडे तिला करमत नाही. मी तिला खुर्चीवर बसवून गाडी सुरू केली. तिने गाडीकडे पाहिलेच नाही. तिचे बोट फलाटावरून सरकत निघाले.

"ह्यो पिंपळ. हितं मी बसायची. ह्ये फाटक." बोट रूळ ओलांडून गवतावर आले आणि थांबले. "आपलं घर कुठं हाय रं?"

"आई, ते गायरान आहे. नकाशात तिथे घरे नाहीत."

"न्हाईत?"

"नाहीत. शिक्क्याची नक्कल आहे माझ्याकडे."

"मंग तू कुठं जल्मलास? शिक्क्यात?"

तिने गवतावरून हात फिरवला.

"झ्याक उगावलंय गवत," ती म्हणाली. "माझ्या चुलीवर."

तिने चहा घेतला नाही. मला तिचा राग आला. इतक्या महिन्यांचे काम आणि हिने एक कोपरा धरला. मग नकाशाचा राग आला. दुसऱ्या दिवशी कचेरीसमोर एक म्हातारा आला. गायरानावरचे घर नियमित करून मिळण्याचा अर्ज त्याला हवा होता. हे अर्ज मी डोळे मिटून लिहितो. 'सदर जागेवर अर्जदाराचे पिढ्यानपिढ्या वास्तव्य असून' इथपर्यंत आलो आणि पेन थांबले. अशी वाक्ये मी इतरांसाठी शेकड्यांनी लिहिली. आमच्या वस्तीसाठीही दोनदा लिहिली. आणि ज्या एका ठिकाणी मला विचारणारा कोणी साहेब नव्हता, जिथे मंजुरी माझीच होती, तिथे मी स्वतःच्या घरावर भुसा पसरला होता. त्या म्हाताऱ्याला मी विनाकारण खेकसलो.

घरी येऊन मी ते गवत पटाशीने खरवडून काढले. आई शेजारी बसून बोटाने जागा दाखवी, मी खूण करी. नक्कल घडी घालून कपाटात ठेवली होती. काड्यापेटीच्या आतल्या खणाची घरे केली. औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी कागदावर कंगवा दाबून पत्र्याच्या नळ्या उठवल्या. वस्तीतल्या विहाराला चुना दिला आणि वरचा झेंडा शिक्क्याच्या निळ्या शाईत बुडवला. शेवटी माझ्या रिवाजाप्रमाणे मी यादी मोठ्याने वाचून दाखवली. अकरा घरे.

"अजून कोणी राहिले का? नीट आठव."

"झाली," आई म्हणाली.

ठरल्या दिवशी टेम्पोत दोन्ही तुकडे गोधडीत गुंडाळून घातले आणि न्हावऱ्यावरून चौफुला गाठून गावी पोचलो. नक्कलही सोबत घेतली. प्रतिकृतीशेजारी लावायचा विचार होता. हॉलात तीस-चाळीस माणसे जमली होती. बोल्ट आवळले, वायर लावली, गाडी निघाली. सांध्यावर एकही डबा घसरला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा पाहता पाहता पूर्वेच्या अंगाला आले आणि वाकले.

"ह्ये कवा केलं?"

"आईने जागा दाखवल्यावर."

"चांगलं हाय. पण हितं न्हाई चालायचं."

"का चालायचे नाही?"

"आरं, पंचायतीच्या हॉलात, काचंत, ही घरं ठिवली म्हंजी पंचायतीनं मान्य केली की! उद्या कुणीतरी फोटू काढून अर्जाला जोडंल. आन् जोडणारा कोण? तूच!"

हॉल हसला. त्या क्षणापर्यंत मी आप्पांचा 'तुम्ही' होतो, हे मी ध्यानात ठेवले. आणि आरोप खोटा नव्हता. फोटो काढून जोडावा, हे चौफुल्याच्या अलीकडेच माझ्या मनात येऊन गेले होते. खोट्या आरोपाचा इतका राग येत नाही.

"नकाशात दाखीव," आप्पा म्हणाले. "हायेत का ही घरं? असतील तर ऱ्हाऊ दे."

नक्कल माझ्या पिशवीत होती. आईला मी जे वाक्य टाकले होते, तेच वाक्य हा मनुष्य माझ्यासमोर टाकत होता, तेही हसून.

"आप्पा," मी म्हणालो, "आपण उभे आहात तो हॉलही नकाशात नाही. तिथे नकाशात रस्ता आहे. आपण रस्त्यात उभे आहात."

आता कोणी हसले नाही. मागून एक जण नुसता खोकला. आप्पांनी मात्र चेहरा बदलू दिला नाही. इतकी वर्षे सरपंचकी केलेला मनुष्य.

"अर्जनवीस हायस, बोलणारच. हे बघ, भांडान न्हाई. तेवढा कोपरा काढ, पयल्यासारखं गवत टाक. गवत लई झ्याक दिसत हुतं. पाटी तयार हाय."

पाटी खरोखरच भिंतीशी टेकवलेली होती. माझे नाव वरती, ठसठशीत. मी तिच्याकडे दोनदा पाहिले, हे लपवून उपयोग नाही.

"घरे निघणार नाहीत," मी म्हणालो.

"मंग गाडी बी न्हाई ऱ्हायची."

"नाही राहणार."

मी स्वतः बोल्ट सोडू लागलो. पाना तीनदा निसटला. मदतीला कोणी पुढे झाले नाही. ज्यांचे अर्ज मी लिहिले असे निदान पाच जण त्या हॉलात होते. त्यांची तोंडे मी आजही ओळखतो. टेम्पोवाला आणि मी अशा दोघांनी ते ओझे बाहेर आणले.

फाटक ओलांडून आम्ही पूर्वेला आलो. विहारात दोन बाके जोडून त्यांवर प्रतिकृती मांडली. वस्ती लोटली. ज्याने त्याने आपले घर शोधले. कोणाला पत्रा ओळखू आला, कोणाला दारापुढचा रांजण. एक म्हणाला, "माझ्या घराला भेग हाय, ती न्हाई दाखवली. उपकार झाले." माझा राग उतरू लागला होता. इतक्यात आमच्या शेजारची म्हातारी, आईच्याच वयाची, काठी टेकत पुढे आली. तिने सगळी घरे मोजली. मग पुन्हा मोजली.

"आन् माझं?"

मी आईकडे पाहिले. आई छताच्या पंख्याकडे पाहत होती.

या दोघींचे मोरीच्या पाण्यावरून बोलणे बंद आहे, हे मला ठाऊक होते. त्याचा परिणाम इथवर येईल असे वाटले नव्हते. यादी वाचताना ते घर माझ्याही ध्यानात आले नाही, ते वेगळे.

"आई, मी यादी वाचून दाखवली होती!"

"तिचं मागनं झालं," आई पंख्याला म्हणाली.

"मागनं?" म्हातारीने काठी आपटली. "आगं, तू वरातीतनं आलीस तवा माझ्याच दारात पाणी पेलीस! तांब्या बी परत न्हाई दिलास!"

"तांब्या तुझा नव्हता!"

मी ओरडलो. विहारात ओरडू नये, पण ओरडलो. "आप्पाने आख्खी वस्ती काढायला सांगितली म्हणून मी त्याच्या तोंडावर पाटी टाकून आलो, आणि तू तेच केलेस! त्याला नकाशा तरी होता. तुझ्याकडे काय होते? मोरी?"

"म्हण, मला आप्पा म्हण," आई म्हणाली. "आईला आप्पा म्हण."

लोक हसले. मला हसू आले नाही. आजही येत नाही. मी एक काड्यापेटी मागितली, काड्या बाकावर ओतल्या आणि खाली मांडी घातली. चंदेरी कागद संपला होता; कोणीतरी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. मी आईला काही विचारले नाही. म्हातारीला विचारले, "दार कोणीकडे?"

"रुळाकडं."

"खोटं," आई म्हणाली. "आमच्याकडं. मुद्दाम केलंय आमच्याकडं."

"आधी रुळाकडं हुतं! पोरगं रुळावर जायाचं म्हून फिरवलं!"

आता कोणते दार लावायचे, यावर सगळी वस्ती बोलू लागली. मी दोन्ही बाजूंना दारे कापली. आईच्या घरापासून बोटभर अंतरावर गोंद लावला आणि ते बारावे घर अंगठ्याने दाबून धरले. माझा हात रुळांवर आडवा आला होता. मागून एकसारखे कोणी म्हणत होते, "आता गाडी सोडा की, रावसाहेब."

मी मान वर न करता सांगितले की गोंद वाळेपर्यंत गाडी जागची हलणार नाही. ज्याला घाई असेल त्याने एसटीने जावे.