मॅडमला शिवी दिली त्याची चौकशी

कारखान्यात एकवेळ माल कमी पडेल, किस्से कमी पडत नाहीत. दुर्गजवळच्या आमच्या हथखोजच्या कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळतो, त्यामुळे हजेरीबरोबर किस्सेही माझ्याकडेच जमा होतात. हल्लीचे सगळे मॅडमचे! मॅडम म्हणजे मालकांनी आणलेला एआय. टेबलावर एक स्क्रीन आणि गोड आवाज. जॉब, शिफ्ट, मटेरियल सगळं तिला सांगायचं, ती लिहून घेते.

*

फोरमन ढोटेकाका आमच्यात सगळ्यात जुने. पोटात काही नाही, पण तोंडालाही कुलूप नाही. मॅडमनं प्लेटचं माप दुसऱ्यांदा विचारलं की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार! एकदा तिनं शांतपणे विचारलं, "काका, माझं काय चुकलं ते सांगता का?"

काका वैतागून मला म्हणाले, "पाहा, हे उलटून बी बोलत नाही! शिव्या द्याची मजाच नाही येऊन राहिली!"

*

मालकांनी दुर्गच्या वकिलांना विचारलं, कायद्यात हिच्यासाठी काही सोय आहे का? वकील म्हणाले, "स्क्रीन फोडली तर केस होईल. शिवी दिली तर अजून तरी काही नाही."

पण मालक गप्प बसणारे नव्हेत. उद्या हिच्याहून हुशार मशीन येतील, सवय आत्ताच लागलेली बरी, असं म्हणून त्यांनी घरचाच कायदा काढला: मॅडमला शिवीगाळ केल्यास चौकशी होईल. नोटीस मीच टाइप केली. मला ती मनापासून पटली होती.

*

नोटीस वाचून युनियनचे मेश्रामभाऊ भडकले. "आमी वर्षानुवर्षं भांडलो तवा शेडमधी पंखे लागले. अन् हिले न मांगता संरक्षण?"

मी म्हटलं, "मग विरोध करायचा?"

"विरोध कायचा? तिले पहिले मेंबर कर!"

शेजारी चहा पिणाऱ्या साहूनं त्याच्या छत्तीसगढीत लगेच तिच्याही सुट्टीची मागणी केली, "मैडम ला घलो इतवार के छुट्टी चाही!"

*

पुढचा आठवडाभर ढोटेकाका मॅडमसमोर उभे राहून, मान भलतीकडे वळवून शिव्या देत होते. मी हटकलं तर म्हणाले, "मी टेबलाले बोलून राहिलो! टेबलाचा नियम दाखव!"

*

आणि एक दिवस खुद्द मालकांच्या देखत काकांची जीभ सुटली. चार्जशीट निघाली. तीही मीच टाइप केली, पण ही मात्र मनापासून नाही. काकांच्या रिटायरमेंटला दोन महिने उरलेले, इतक्या वर्षांत फाइलवर एक डाग नाही, आणि जाता जाता हा लागणार!

काकांचं लेखी उत्तर वेळेत आलं, तेही सुरेख. चौकशीला बसलेले मॅनेजर राजूरकर साहेब वाचून चकित झाले. "ढोटे, हे कोणी लिहून दिलं?"

"मॅडमनं."

"जिला शिव्या दिल्या, तिनंच?"

"मंग? मले कुठं असं लिवता येते! तिनं सारं लिवलं. फक्त म्हणे, माफी मी नाही लिहिणार, ती तुमची तुम्ही मागा."

"मग मागितली?"

"मांगितली, साहेब."

साहेबांनी तयार ठेवलेलं वॉर्निंग लेटर बाजूला सारलं आणि रिपोर्टवर लिहायला पेन उचललं: माफी मागितली, प्रकरण बंद.

काका घाईनं उठले. "साहेब, माफीचं लिवू नका! बायकोले समजलं तं इचारन, मशीनची मांगितली, माही काहून नाही मांगितली?"