बाराच्या खाली न उतरणारं पेडल

आधीच सांगतो, मी भुताखेतातला माणूस नाही. लातूरला फिजिक्स शिकवतो, अठरा वर्षं झाली. पोरं विचारतात, "सर, तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे का?" मी म्हणतो, आधी न्यूमरिकल सोडव, मग बोलू. कुणाला पटावं म्हणूनही हे लिहीत नाही. एकट्यानं तेच तेच आठवून थकलोय, बस.

ट्यूशन एरियात एका झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास होता. मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली... दोन बॅचच्या मध्ये मी तिथं आडवा पडायचो. मे महिना होता, वेळ दुपारी अडीचची.

आमचे अण्णा नांदेडला शिंपीकाम करायचे, इतवाऱ्यात दुकान होतं. आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे – मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडी सरकवून वाजवतात ती. उजव्या पायाखाली व्हॉल्यूमचं पेडल. पंजा दाबला की आवाज चढतो, टाच दाबली की उतरतो. दिवसभर शिलाई मशीन मारणारा पाय तो, त्याला पेडल काय शिकवायचं!

त्या मे महिन्याच्या दोन वर्षं आधी अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. माझी थोरली बहीण, अक्का, त्यांच्यापाशी राहायची. गिटार माझ्याकडे आली. संक्रांतीला अक्काचा फोन आला, "दिलीप, अण्णा गिटार ऐकायची म्हनून राहिले रे. खुणेनं सांगतात. एकदा येऊन वाजव की."

मी म्हणालो, ही बॅच संपली की येतो.

आमच्या धंद्यात बॅच संपत नसते. रेग्युलर झाली की रिपीटर, रिपीटर झाली की क्रॅश कोर्स. जानेवारीचा मे झाला.

शेवटी मुसाभाईंच्या साउंडच्या दुकानातून एक जुना डिजिटल प्रोसेसर घेतला. म्हणजे अॅम्प्लिफायर, एको वगैरे काही न्यायला नको... एक डबा, एक पेडल, गिटार, आणि रविवारची पहिली एसटी. पेडल तर हवंच. पेडलशिवाय अण्णा दोन मिनिटं ऐकून घेणार नाहीत, तोंड फिरवतील.

त्या दुपारी मी ते पेडल लावायला बसलो. आधी तर स्क्रीनवर काहीच हलेना. मुसाभाईंना फोन लावला. "सर, वायर कोणती लावली? गिटारची? अहो, ती न्हाई चालत! तीन जोडांची लागते. पिशवीत टाकून दिलती की मी. फिजिक्सचे सर हाव का कोन हाव तुम्ही?"

पिशवीत होती. लावली. पेडलला व्हॉल्यूमचं काम दिलं, एकोच्या आधी बसवलं – म्हणजे आवाज उतरवला तरी मागचा एको आपोआप विरत जातो. मग पेडलचं माप द्यायचं. प्रोसेसर म्हणतो पंजा दाबा, दाबला. शंभर. म्हणतो टाच दाबा, दाबली.

बारा.

शून्य यायला पाहिजे होतं. पुन्हा माप दिलं. बारा. वायर काढली, फुंकर मारली, लावली... बारा! चार वेळा केलं. बॅचमधलं एखादं पोरगं तीच चूक पाचव्यांदा करतं तेव्हा होते तशी चिडचिड झाली. आणि मग एकदम आठवलं, अण्णाही कधी पूर्ण टाच दाबायचे नाहीत. थोडा आवाज ठेवायचेच. त्याचं कारण फक्त मला माहीत होतं.

भूकंप झाला तेव्हा मी बीएस्सीला होतो. ऑर्केस्ट्राची गाडी, जनरेटर, माईक घेऊन अण्णा आणि मी किल्लारीकडच्या एका गावात गेलो होतो, मदतीला. कुणीतरी म्हणालं, माईक फटीतून खाली सोडा, आत कुणी असेल तर ऐकू येईल. मी वायर धरली. अण्णा कानाला हेडफोन लावून बसले, पायानं आवाज कमीजास्त करत. एका घरापाशी ते थांबले. "दिलीप, कायतरी वाजून राहिलं बघ. टक टक."

मी हेडफोन लावला. मला घरघर ऐकू आली. मी म्हणालो, "अण्णा, जनरेटरची थरथर आहे ती. करा बंद, पुढच्या गल्लीत बोलावून राहिलेत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेला पोरगा! त्यांनी टाच दाबली.

दुसऱ्या दिवशी त्याच घरातून एक बाई काढली. गेलेली होती. कधी गेली, कुणाला माहीत. अण्णा मला आयुष्यात त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून पेडल मात्र शून्यावर आणलं नाही.

असो. हे आठवत बसलो होतो, पाय पेडलवरून काढून खाटेवर घेतलेला. स्क्रीनकडे लक्ष गेलं तर आकडा हलत होता. पेडल जागचं हललेलं नाही... आकडा मात्र बारावरून सत्तरवर, परत बारावर, सत्तर, बारा. मग थांबला. मग थोडासा चढला, थांबला. मग पुन्हा सलग.

मी शिंप्याचा पोरगा. ही चाल मला झोपेतही ओळखू येईल. सरळ शिलाई मारायची, कोपरा आला की थांबायचं, कापड फिरवायचं, दोन टाके, पुन्हा थांबायचं. अण्णा कॉलर शिवताना पाय असाच चालायचा.

मी काय केलं? मोठ्यानं म्हणालो, "लूज कॉन्टॅक्ट." खोलीत कुणी नव्हतं, तरी म्हणालो. आणि उताणा पडून बराच वेळ तो आकडा बघत राहिलो. 

सव्वाचारला जिन्यावर पोरांचे पाय वाजायला लागले. बटनावर हात नेला, पण बंद करवेना. तसाच चालू ठेवला. आणि क्लासच्या नियमाप्रमाणे मोबाईल सायलेंट करून ड्रॉवरमध्ये टाकला. नियम माझाच – वर्गात मोबाईल बंद म्हणजे बंद, सरांचासुद्धा.

साडेसहाला खोलीत आलो. स्क्रीनवर आकडा शून्य होता.

ड्रॉवर उघडला. अक्काचे अकरा मिस्ड कॉल. लावला तर ती आधी नुसती रडत होती.

"किती फोन लावले रे तुला... अडीचपासून अण्णांचा पाय हलून राहिला होता. उजवा! मशीन मारल्यागत. मला वाटलं बरे व्हायलेत. सव्वाचारला मोबाईलकडं बोट करायला लागले सारखे. म्हनलं तू फोनवरच वाजव, मी त्यांच्या कानाला लावते... दोन तास फोन लावून राहिले, दिलीप. सव्वासहाला पाय थांबला. मग श्वास."

मी रात्री पोचलो.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मुसाभाईंनी पेडल उघडून बघितलं, वायर तपासली, काही दोष नाही. पेडलमधला मळलेला पोटेन्शिओमीटर, व्होल्टेजचा चढउतार, उन्हानं तापलेला पत्रा... सगळी कारणं मीच मांडून बघितली. आकडा का हलला, ते एखादं सांगेलही. अडीचलाच का, आणि कॉलर शिवल्यासारखा का, ते एकही सांगत नाही. आणि खरं सांगू? कारण सांगायची मला आता भीती वाटते. दोनदा सांगितलं, दोन्हीदा चुकलो.

मोबाईल आता वर्गात टेबलावर असतो, आवाज पूर्ण. वाजला की पोरं हसतात. हसू देत.

आणि दुपारी दोन बॅचच्या मध्ये मी ते पेडल जोडतो, माप देतो. पंजा, शंभर. टाच, शून्य. अगदी बरोबर, रोज. एकदा तरी बारावर अडकेल म्हणून थोडा वेळ बघत बसतो, मग पोरं आली की उठतो.