बंद संग्रहालयातला ताम्रपट

बारामतीच्या ताम्रपटाची ती केस मी विसरू शकलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले कित्येक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही केस मात्र वार न् वार लक्षात आहे.

एकोणीसशे तीसच्या दशकात मी बारामतीला फौजदार होतो. तिथे गावाच्या इतिहासाचे एक लहानसे संग्रहालय होते. चार हौशी मंडळींनी समिती करून ते उभे केले होते आणि आसपासच्या लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू तिथे आणून दिल्या होत्या. पुढे तुळयांना वाळवी लागली म्हणून ते दुरुस्तीसाठी बंद केले. काम सहा महिन्यांचे म्हणून सांगितले होते, पण तिसरे वर्ष लागले तरी कुलूप निघाले नव्हते. वस्तू खोक्यांत भरून आतल्या खोलीत ठेवलेल्या होत्या.

एका सकाळी समितीचे चिटणीस ठाण्यात आले आणि खोक्यातून एक ताम्रपट चोरीस गेल्याची फिर्याद त्यांनी दिली. मी जागेच्या पंचनाम्याला हवालदाराला पाठवले. तो तासाभरात परत आला.

चौथ्या दिवशी इंदापूरहून बातमी आली. तिथल्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाने पोलिसांना सांगितले, की एक म्हातारा मेंढपाळ तांब्याचा पत्रा घेऊन आला होता आणि यावरचा मजकूर कागदावर उतरवून द्या म्हणत होता. कळंबजवळच्या माळावर तो आम्हाला सापडला. पळाला नाही. घोंगडीत गुंडाळलेला ताम्रपट त्याने स्वतःच माझ्या हातात दिला. मॅजिस्ट्रेटसमोर उभे करून मी त्याची कोठडी घेतली.

"हा कुठून आणलास?" मी विचारले.

"बारामतीच्या त्या बंद घरातनं. आठ दिस चुन्याच्या पाट्या वाहिल्या गवंड्याच्या हाताखाली. मग खोकं घावलं."

"म्हणजे चोरी केलीस."

"न्हाय साहेब. माझाच हाय त्यो. कुरणात मेंढरं चारायचा आमच्या घराचा हक्क त्यात लिवलाय. चिटणीसांनी लोकांना दावायला मागून नेला. लागंल तवा परत देतो म्हणले. पावती बी दिली व्हती."

"दाखव पावती."

"ती त्यांनीच माघारी घेतली. खोकी भरताना म्हणले, नवी यादी करायची हाय."

मी हसलो. पकडलेला माणूस वस्तू आपलीच असल्याचे सांगतो, हे मी शेकडो वेळा ऐकले होते. तो सांगत राहिला. कुरण उसाखाली घेण्यासाठी कोणीतरी अर्ज केला होता. हक्क असेल तर अस्सल कागद दाखवा, असे त्याला कचेरीतून कळवले होते. तो कितीतरी वेळा बारामतीला चालत आला. दर वेळी समितीकडून एकच उत्तर, काम संपल्यावर या.

"सोमवारी इंदापुरात सुनावणी हाय," तो म्हणाला. "पोरगा मेंढरं घिऊन घाटाखाली गेलाय. माझ्याबिगर कोण न्हाय. तेवढा एक दिस मला तितं उभं करा. मग परत हितं आणून घाला."

"चौकशी झाल्यावर बघू," मी म्हणालो.

चिटणीसांना बोलावून विचारले. त्यांना बसायला खुर्ची दिली. म्हातारा भिंतीशी जमिनीवर बसला होता. "पावती वगैरे काही नाही," ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे आलेली प्रत्येक वस्तू समितीची." मी ते लिहून घेतले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि मग तो बोलेनासा झाला. आरोपी गप्प झाला की गुन्हा कबूल झाला, असे आम्ही त्या काळी समजत असू. सोमवार आला आणि गेला.

मंगळवारी दोषारोपाचे कागद तयार करताना हवालदाराचा पंचनामा मला फारच त्रोटक वाटला, म्हणून स्वतः संग्रहालयात गेलो. ते खोके उघडून पाहिले. चांदीच्या मुठीची कट्यार आणि सोन्याच्या नाण्यांची पुरचुंडी वरच होती. ताम्रपट त्यांच्या खालून काढलेला होता, आणि काढणाऱ्याने कट्यार, पुरचुंडी पुन्हा नीट फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मी खोके तसेच बंद केले. मग चिटणीसांना बोलावून तिथले त्यांचे कपाट उघडायला लावले. खालच्या खणात पावत्यांचा गठ्ठा होता. नववी की दहावी पावती म्हाताऱ्याची. खाली त्याचा अंगठा, चिटणीसांची सही, आणि स्पष्ट लिहिलेले: मालकाने मागताच परत करण्यात येईल.

"विसरलो असेन," चिटणीस म्हणाले. "इतक्या पावत्या."

मी त्याच दिवशी इंदापूर गाठले. तिथल्या कारकुनाने फाईल उघडून दाखवली. सोमवारी नावाचा पुकारा झाला, कोणी हजर नाही, कागद नाही, हक्क नामंजूर. "अपील करायला सांगा," तो म्हणाला.

गुन्हा गैरसमजुतीने नोंदला गेल्याचा अहवाल पाठवून मी म्हाताऱ्याला सोडवले. ताम्रपट परत देताना अपिलाचे सांगितले आणि म्हणालो, "आबा, चूक माझी झाली."

तो ताम्रपटावरून बोट फिरवत होता. "साहेब, मी तर पहिल्याच दिशी सगळं सांगितलं," तो म्हणाला. "अजून कसं सांगायचं असतं?"

ताम्रपट घोंगडीत गुंडाळून तो चालू लागला. त्याने अपील केले नाही. पुढच्या वर्षी बंदोबस्ताला कळंबकडे गेलो तेव्हा कुरणात ऊस उभा होता. मेंढरे विकून टाकली होती आणि म्हातारा त्याच उसाला पाणी देत होता. मला पाहून त्याने खोरे खाली ठेवले आणि रामराम केला. मी घोड्यावरून उतरायला हवे होते. उतरलो नाही.

त्यानंतर चोरीच्या प्रत्येक तपासात मी आधी वस्तू कोणाची आहे ते विचारू लागलो, आणि कोण कुठे बसून सांगतो आहे याकडे न पाहता दोघांचे सारखेच लिहून घेऊ लागलो. वरिष्ठांनी त्याबद्दल माझे कौतुकही केले. ही पद्धत मला कोणी शिकवली, ते मात्र मी त्यांना कधी सांगितले नाही.