आत्याने विमान वाजवून पाहिलं

मागच्या मंगळवारी आत्याला घेऊन नाशिकला गेलो होतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर राहते. मी मोखाडा-खोडाळा जीप चालवतो, त्यामुळे घरात कुणाचं काहीही दुखलं की ॲम्ब्युलन्स मीच...

डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाने टिकते का बघू. आत्या पदर सावरत उठली आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "मंग आज मना इमान दाखव."

आमच्या डोंगरावरून विमानं रोज जातात. उन्हाळ्यात विहिरीत पाणी झिरपायची वाट बघत बायका तासन्‌तास बसलेल्या असतात, तेव्हा वर बघण्याशिवाय दुसरं काम नसतं. आत्याने जन्मभर विमानं पाहिली ती अशी, नखाएवढी. एकदा जवळून बघायचंय, असं ती किती वर्षं म्हणत होती आणि मी "बघू गं" म्हणून टोलवत होतो. आता "बघू" म्हणायची सोय राहिली नव्हती.

फोनवर शोधलं तर शहराबाहेर जुन्या लष्करी विमानांचं एक म्युझियम सापडलं. दारातच आत्याने चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या. तिकीटवाला म्हणाला, "आजी, राहू द्या पायात." पण ती ऐकते कुणाचं...

आत गेलो आणि माझी बोलतीच बंद झाली. एरवी इंजिनाचा विषय निघाला की मी दुसऱ्याला बोलू देत नाही, मोखाडा स्टँडवर कुणालाही विचारा. तिथे एका जुन्या फायटरचं इंजिन उघडं करून ठेवलं होतं. त्या नळ्या, ती पात्यांवर पाती... सगळी शेखी तिथल्या तिथे उतरली.

आणि वैमानिकाची ती बसायची जागा. माझ्या जीपच्या ड्रायव्हर सीटपेक्षा अरुंद. एवढ्याशा खोबणीत बसून कुणाची तरी पोरं लढाईला गेली होती, या विचाराने अंगावर काटा आला.

मग आत्याची आठवण झाली. ती एका छोट्या चंदेरी विमानासमोर मान पुढे काढून उभी होती. शेडमध्ये उजेड कमी, त्यात दोरी लावून माणसांना चार हात लांब ठेवलेलं. "दिसतंय ना गं?" मी विचारलं. "पांढरां पांढरां कायतरी हाय," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी आणली असती तर... मला स्वतःचा खरंच राग आला. काहीतरी करायचं म्हणून मी बोर्डावरची माहिती मोठ्याने वाचून दाखवायला लागलो.

वाचता वाचता टक... टक... असा आवाज आला. वळून बघतो तर आत्या दोरीखालून पलीकडे गेलेली. विमानाच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत ती शेपटीकडे सरकत होती.

आमच्याकडच्या बायका बाजारात मडकं नुसतं बघून घेत नाहीत, वाजवून घेतात. चीर असली तर आवाजात कळते. आत्या तर दुसऱ्यांची मडकीसुद्धा वाजवून द्यायची, कुंभार तिला बघून कपाळाला हात लावायचा. पण इथे डोक्यावर "हात लावू नये" अशी ढळढळीत पाटी, आणि तिथली माहिती सांगणारे एक पांढऱ्या केसांचे साहेब तरातरा आमच्याकडे येत होते. मी आधीच हात जोडून उभा राहिलो.

आत्याला कशाचा पत्ता नव्हता. एका जागी थांबून तिने तीनदा वाजवलं आणि म्हणाली, "इथं सांधलाय यो."

साहेब थबकले. "काय म्हणालात, आजी?"

"सगला खणखण वाजतां. इथं बद्द वाजतां. फुटला व्हता ना इथं?"

त्यांनी स्वतः तिथे वाजवून पाहिलं. मग बराच वेळ हात तिथेच ठेवला. म्हणाले, "युद्धात गोळी लागली होती, आजी. आमच्या उस्तादांच्या हातचं ठिगळ आहे हे. वरून रंग दिल्यावर दिसत नाही, बोर्डावरही लिहिलेलं नाही. इथे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्यांची सगळी नोकरी हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात झाली होती, हे मग कळलं.

आत्याने पहिलं विचारलं ते असं, "आतला मानूस?"

"सुखरूप उतरला. हेच विमान घेऊन परत आला."

आत्याने त्या ठिगळावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. लष्करी विमानाची दृष्ट काढली तिने, लेकराची काढावी तशी. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी दोरीचा हूक सोडला, आत्याचा हात धरला आणि नाकाच्या टोकापासून तिला सगळं विमान फिरवलं. पंखाची कड, चाक, हवा आत जाते ती तोंडं, शेपटी... प्रत्येक ठिकाणी तिचा पंजा टेकवत, न कंटाळता. मी मागून फक्त चालत होतो. फोटो काढायचंही सुचलं नाही.

परतीच्या घाटात धीर करून विचारलं, "आत्या, नीट दिसलं नाही ना तुला?"

"हातान् पायलां ना," ती म्हणाली. "हाताला काय काचबिंदू व्हत नाय."

मी जीप बाजूला घेतली... दोन मिनिटं मला रस्ता दिसेना. त्या साहेबांचं नाव विचारायचं राहून गेलं. ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचली, तर माझा नमस्कार. माझ्या हातून जे कायमचं राहून जाणार होतं, ते तुमच्यामुळे राहिलं नाही.