हत्ती काढा, पाइप लिहा

पहिल्या चित्रात दोन हत्ती होते. काळाचौकीच्या चाळीच्या चौकात, सोंडा वर करून.

“हे कुठनं आले?” चाळ कमिटीचे सेक्रेटरी सावंत यांनी विचारलं.

“तुम्हीच बोलावलेत,” मी म्हटलं.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. आता लालबागच्या एका डिझाइन स्टुडिओत एआयकडून चित्रं काढून घेते. सावंतांची चाळ पुनर्विकासासाठी पाडून झाली होती. पांगलेल्या बिऱ्हाडांचं रविवारी संमेलन होतं आणि स्मरणिकेच्या कव्हरवर चाळ हवी होती. जुने फोटो ढीगभर. सगळ्यांत नवरा-नवरी, पूजा, वाढदिवस. चाळ मागे, कोणाच्या तरी खांद्याआड.

चित्र कसं हवं ते एआयला लिहून सांगावं लागतं. त्या मजकुराला प्रॉम्प्ट म्हणतात. सावंतांनी तो घरून लिहून आणला होता : ‘ऐतिहासिक, भव्यदिव्य, संस्कृतीचं माहेरघर असलेली आमची लाडकी चाळ.’ मंडळाच्या बॅनरवर हे चालतं, कारण बॅनर कोणी वाचत नाही. एआयने शब्दन्‌शब्द वाचला आणि राजवाडा काढला.

मी विशेषणं कापली. उरलं : ‘मुंबईतली जुनी चाळ.’ आलं गळकं छप्पर, उघडी पोरं आणि एक म्हैस.

“आम्ही काय भिकारी होतो?” सावंत उठून उभे राहिले.

चूक माझी होती. बातमीदारांना ‘काय दिसलं ते लिही’ म्हणून आयुष्यभर पिडलं आणि स्वतः तीन शब्दांत मोकळी झाले.

आमचे बॉस नितीन दारातून डोकावले. “मॅडम, प्रेसवाला चार वाजता फाइल मागतोय. सूर्यास्त लावून टाका. सगळ्यांना आवडतो.”

“त्यात चाळ कुठंय?” सावंतांनी विचारलं. नितीन गेले.

“सावंत, चौकात उभे राहा. काय दिसतं?”

“आपुलकी.”

“कितव्या मजल्यावर?”

सावंतांनी डोळे मिटले. “तीन मजले. लाकडी कठडे, हिरवे. दुसऱ्यावर, चौथ्या खोलीपुढे कठडा तुटला, तिथे लोखंडी पाइप. जिना डावीकडे. गोधड्या वाळत. दोरीवर बोंबील... ते नको, वाईट दिसतं.”

“वाळत घालायचात?”

“म्हणजे काय!”

मी बोंबील लिहिले.

चौथ्या खेपेला पाइप योग्य मजल्यावर आला. सावंतांनी चित्र शीवला बहिणीकडे असलेल्या वडिलांना पाठवलं. लगेच फोन आला.

“बाळा, हा फोटो कोणी काढला रे? आणि आपली खिडकी बंद कशी? ती कधीच बंद नसायची. कोण गेलं?”

“कोणी नाही, अण्णा. उघडतो.”

प्रॉम्प्टमध्ये एक वाक्य वाढलं. खिडकी उघडली. पावणेचारला मी फाइल पाठवायला घेतली.

“आत ‘एआयने तयार केलेलं चित्र’ असं छापताय, ती ओळ काढा,” सावंत म्हणाले. “अण्णांना फोटो वाटतोय.”

“म्हणूनच छापतेय.”

संमेलनात ती ओळ कोणी वाचली नाही. जो तो आपली खिडकी शोधत होता.

विशेषणं दिली की यंत्र दुसऱ्याच कोणाचं तरी घर काढतं. बातमीदारही तेच करायचे. फक्त ते वर स्वतःच्या नावाची बायलाइन मागायचे.